आण्णांनी स्वतः खाली काढलेलं बायबल

चर्चमधल्या माझ्या दृढीकरण संस्काराच्या वेळी सिस्टरांनी मला बायबल भेट दिलं. घरी आल्यावर आण्णांनी, माझ्या वडिलांनी, ते धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवलं.

"वाचायचं फादरनं. आपून ऐकायचं," ते म्हणाले. "आपल्या मनानं अर्थ लावला की माणूस वाट चुकतंय."

जिंतूरजवळच्या आमच्या गावात कॅथलिक घरं मोजकीच. फादर महिन्यातून एकदा मिस्सेला, म्हणजे उपासनेला, यायचे. बाकीचे दिवस आम्ही जपमाळ म्हणायचो. ती पुढून सांगायची आई, आम्ही मागून.

मी कॉलेजात असताना आई गेली. मातीच्या दिवशी आण्णांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. जेवायला बोलावलं की यायचे, पण दोन घास खाऊन उठायचे. एका दुपारी त्यांनी स्टूल घेतलं, बायबल काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"वाच."

"कुठून वाचू?"

"मला काय ठाव? तूच काढ."

येशूचा मित्र लाजर मरतो, ती गोष्ट तेवढी मला ठाऊक होती. मी ती काढली. मित्राच्या थडग्यापाशी येशू रडतो, तिथे आण्णांनी मला थांबवलं.

"रडला? देव असून?"

"हो, आण्णा."

ते भिंतीला टेकले आणि तोंडावर उपरणं घेऊन लय वेळ रडले. मीही वाचणं सोडून त्यांच्याजवळ सरकले.

पुढच्या मिस्सेनंतर ते फादरांपुढे हात जोडून उभे राहिले. "फादर, चुकलं असंल तर सांगा. पोरीकडून बायबल वाचून घेतलंय."

फादर हसले. "आण्णा, बरं केलंत. आता रोज घ्या वाचून."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी वाचायचे. अडलं तर आण्णा प्रश्न लक्षात ठेवायचे आणि फादर आले की त्यांना चहासुद्धा पिऊ द्यायचे नाहीत.

आता आण्णा थकलेत. माझी मुलगी मोबाइलवर बायबल वाचते आणि त्यातल्या गोष्टींशी भांडते. परवा म्हणाली, "पैसा उधळून परत आलेल्या धाकट्याला बाप मेजवानी देतो, आणि राबणाऱ्या थोरल्याला काहीच न्हाई? मला न्हाई पटत."

मी तिला दटावायला गेले, तर आण्णांनी हात वर केला. "इचारू दे तिला. मी म्हातारपणी इचारायला शिकलो. ती आत्ताच इचारायलीय."

मग ते तिच्याकडे वळले. "थोरल्याचं मलाबी वाईट वाटतंय. पुन्हा वाच बरं."

दोघं त्या थोरल्या भावावर बोलत बसली. मी भाकरी थापता थापता ऐकत होते. असा बाप मला दिल्याबद्दल मी मनोमन देवाचे आभार मानले.