शोधतोय, काकी

माने काका कुणालाही आधी नाव विचारत नसत. सिंगापुरातल्या आमच्या वुडलँड्सच्या ब्लॉकमध्ये, लिफ्टमध्ये मला फोनवर मराठी बोलताना ऐकून त्यांनी पहिला प्रश्न केला, "तालुका कुठला?" मी म्हटलं, पुणे. "ते राहायचं झालं. मूळचा सांगा." वाई, असं माझ्या तोंडून निघेपर्यंत त्यांचा मजला येऊन गेला होता. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. ते माझ्याबरोबर वर आले आणि चहा पिऊन गेले.

काका खटाव तालुक्यातले. तुआस बंदराला येणाऱ्या जहाजांच्या टाक्यांत टेप सोडून तेल किती आहे ते मोजायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. बायको वारल्यावर एकटेच राहत. निवृत्तीनंतर दर शनिवारी सकाळी ते क्रांजीच्या युद्धस्मारकावर जायचे. दुसऱ्या महायुद्धात इकडे मेलेल्या आणि देह न सापडलेल्या सैनिकांची नावं तिथल्या भिंतींवर कोरलेली आहेत. त्यांत शिंदे, जाधव, मोरे, पवार पुष्कळ. स्मारकाच्या नोंदवहीत काहींच्या नावापुढे बापाचं नाव आणि गावही लिहिलेलं असतं. आमच्याकडचे कुणी सिंगापूरला गेले ते परत आलेच नाहीत, असे निरोप काकांना गावाकडून येत, आणि काका त्या भिंतीवर माणूस शोधत.

माझी मुलगी ईशा शाळेसाठी महायुद्धाची कारणं पाठ करत होती. काकांनी तिचं पुस्तक मिटून ठेवलं.

"जपानचं सैन्य चीनमध्ये अडकलेलं. अमेरिकेनं तेल तोडलं. टाकीचा तळ दिसायला लागला, की शेजाऱ्याची टाकी डोळ्यांत भरते. शेजारी कोण? डच, इंग्रज. ते तिकडं युरोपात जर्मनीपायी अडकलेले. इथं राखणीला कोण? आमच्या खटावचा पोरगा."

मग त्यांनी खिडकीतून पलीकडे मलेशियातल्या जोहोरला जाणारा पूल दाखवला. जपानी मलायातून सायकलींवर खाली आले, इंग्रजांनी हा पूल उडवला, आणि त्यामुळे जपानी थांबले फक्त आठवडाभर. फेब्रुवारी बेचाळीसमध्ये सिंगापूर पडलं. हिंदी सैनिक कैद झाले. काही आझाद हिंद फौजेत गेले, काहींना बोटींत कोंबून न्यू गिनीकडे मजुरीला नेलं. "त्यांतले फार थोडे आले," एवढंच काका म्हणाले.

"सो सॅड लाह, अंकल," ईशा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"सॅड नंतर. आधी लिहून घे."

एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेले. कोरेगावकडच्या एका म्हातारीचा बाप त्यांना सापडला. काकांनी भिंतीपाशी उभ्या उभ्याच फोन लावला. "बाई, मी सिंगापूरहून माने बोलतोय. तुमचे वडील वारले. त्रेचाळीस साली. नाव माझ्यासमोर आहे." पलीकडे कुणीतरी मोठ्यानं रडायला लागलं. काका फोन कानाला लावून उभे राहिले, तो आवाज थांबेपर्यंत. मग त्यांनी तारीख सांगितली, श्राद्धासाठी.

मी भडकले. परतीच्या बसमध्ये म्हटलं, "काका, ऐंशी वर्षं वाट बघितलेलं माणूस आहे. जरा हळू सांगायचं."

"हळू म्हणजे किती वर्षांत?"

मला वाटलं, माणूस आडमुठा आहे. बरेच दिवस मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

गेल्या वर्षी ते हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी डबा घेऊन गेले. त्यांनी डबा उघडला नाही. छताकडे बघत, हवामानाचं सांगावं तशा आवाजात ते बोलायला लागले.

त्यांचा थोरला चुलता इथेच कैद झाला होता. घरी 'बेपत्ता' एवढीच तार आली. चुलती तेव्हा पंधरा वर्षांची. मूलबाळ नाही. ती कुंकू लावत राहिली, वडाला जात राहिली. चाळीसेक वर्षांपूर्वी काका नोकरीला इथे आले, आणि पहिल्याच महिन्यात त्यांना भिंतीवर चुलत्याचं नाव सापडलं. बापाचं नाव, गाव, सगळं बरोबर. त्या दिवाळीला ते गावी गेले. चुलतीनं विचारलं, "तिकडं काय तपास लागला का रं?"

"मी म्हटलं, शोधतोय, काकी." काकांनी डबा बाजूला सरकवला. "तिला पहिल्या ओटीचा मान होता. म्हटलं, ते कुंकू पुसणारा मी कोण? पुढच्या दिवाळीला तिनं पुन्हा विचारलं. वीस वर्षं विचारलं. मी वीस वर्षं शोधतोय म्हणालो."

"मग?"

"मग एका वर्षी ठरवलं. भिंतीचा फोटो काढून नेला. तवर ती माणसं ओळखेनाशी झालेली. मला दारात बघितलं आणि डोक्यावरनं पदर घेतला. मी चुलत्यासारखा दिसतो म्हणतात. म्हणाली, लई उशीर केलासा."

मी खुर्ची पुढे ओढली.

"म्हटलं, बोट चुकली. तिनं माझ्या वहिनीला ताट करायला लावलं. समोर बसून राहिली. मी जेवलो. फोटो पिशवीतच राहिला." नर्स येऊन सलाईन बघून गेली. "दोन महिन्यांत वारली. हिरव्या साडीत नेली. लोक म्हणाले, भाग्याची, सवाष्ण गेली. मी मान हलवली. तिला काय पाहिजे ते ती दर वर्षी तोंडानं सांगत होती, आणि मी तिच्या कुंकवाची काळजी करत बसलो."

मी निघताना त्यांनी मला एक फोन नंबर दिला. पाटणकडच्या एक आजी, चौऱ्याऐंशीच्या. वडील लढाईवर निघाले तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. नाव सापडलं होतं, पण काका आजारी पडले आणि सांगायचं राहिलं. "उद्या तू कर. उद्याच."

दुसऱ्या दिवशी माझी मीटिंग होती. तिसऱ्या दिवशी वाटलं, रविवारी निवांत करू. चौथ्या दिवशी काका गेले. मंडाईच्या स्मशानात आम्ही सहा जण होतो. मला रडू आलं नाही. आपल्याला काही वाटत का नाही, याचंसुद्धा काही वाटत नव्हतं. घरी येऊन आंघोळ केली आणि नंबर लावला.

"आजी, मी सिंगापूरहून बोलतेय. तुमच्या वडिलांचं नाव सापडलं. ते त्रेचाळीस साली इकडेच वारले."

मला वाटलं फोन कट झाला. मग पलीकडून अगदी साधा आवाज आला.

"थांबा हां बाई. जरा बसते."

मी थांबले.