थोरल्या भावाची काचपट्टी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. भंडाऱ्याला एका सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. आमच्याकडे डार्क फील्डचा मायक्रोस्कोप होता. त्यात उजेड सरळ डोळ्यात येत नाही. मधला भाग झाकलेला असतो, उजेड काचेवर कडेने तिरपा पडतो. म्हणून सगळं काळंभोर, आणि जंतू तेवढे चमकतात. गरमीच्या रोगाचा, म्हणजे सिफिलिसचा जंतू इतका बारीक, की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतच नाही. इथे तो जिवंत दिसतो — स्प्रिंगसारखा, स्वतःभोवती फिरत.

थोरला भाऊ अड्याळहून आला, तेव्हा त्याचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. त्याच्या लघवीच्या जागी जखम होती; तिच्यातला पाझर मी स्वतः काचपट्टीवर घेतला. पाहिलं. एक नाही — कितीतरी.

"काय दिसून राहिलं?"

"सुया घ्या लागतीन, दादा. लगन पुढं ढकल."

"जखम तं भरून राहिली! लोकायले काय सांगू? तू काही नाही म्हनून लिही."

जखम आपोआप भरते, रोग आत राहतो — हे मला पाठ होतं. तरी रजिस्टरमध्ये 'आढळले नाही' असं लिहिलं. भीती कशाची होती? घराच्या नावाची? की नुसती त्याच्या रागाची?

वहिनी एकोडीची. शांता. तिची दोन बाळं पोटातच गेली. आई तिला पांढऱ्या पायाची म्हणायला लागली. एकदा तिने मला अंगणात गाठलं.

"भाऊजी, तुमी दवाखान्यात असता. माह्या लेकरायले काय झालं होतं जी?"

मी म्हणालो, "देवाची मर्जी, वहिनी."

— हो, हेच म्हणालो.

त्यानंतर वर्षभरात तिला माहेरी धाडलं. तिची पेटी बैलगाडीत मीच चढवली.

दादाचं दुसरं लग्न ठरलं, तेव्हा मात्र मी त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. पेनिसिलिनच्या सगळ्या सुया पूर्ण करून घेतल्या. दुसरीला धडधाकट मुलगा झाला. आईने पेढे वाटले. मीही खाल्ला.

शांतावहिनीच्या अंगातही तोच रोग होता. औषधही तेच. एकोडीला एसटी रोज जायची. मी एकदाही गेलो नाही.