हळू बघायचा व्हिडिओ

माझी स्कूटर दुरुस्त करणारे मेकॅनिक साठीचे आहेत. रत्नागिरीत परतण्याआधी त्यांनी चौदा वर्षं परदेशात, एका हुकूमशहाच्या राजधानीत, गाड्या दुरुस्त केल्या. त्या हुकूमशहाबद्दल काही विचारलं की ते आधी रस्त्याकडे बघत. रस्त्यावर गणपतीपुळ्याला निघालेल्या गाड्यांशिवाय काही नसे. मग हळूच म्हणत, "रस्ते चांगले होते हो तिथले."

गेल्या वर्षी तिथले लोक हुकूमशहाविरुद्ध उठले. यांनी मोबाइलवर बातम्या लावून तो एका टायरला टेकवून ठेवला. पडद्यावर गोळीबार सुरू झाला की पाना खाली ठेवत, थांबला की उचलत.

हुकूमशहा विमानाने पळाला त्या सकाळी मी पेढे घेऊन गेलो. म्हटलं, "घ्या, सुटले तुमचे लोक!"

त्यांनी पेढा ऑइलच्या डब्यावर ठेवून दिला. मोबाइलवर तुरुंगाचं दार उघडून कैदी बाहेर येत होते. ते सारखा व्हिडिओ थांबवत, एकेक चेहरा दोन बोटांनी मोठा करत आणि पुढे जात.

"कोणाला शोधताय?"

"माझ्याबरोबर गॅरेजात होता एक. देशाच्या साहेबाच्या फोटोला हसला आणि दुसऱ्या दिवशी कामावर आला नाय. कुठे गेला म्हणून मी कोणाला विचारलं पण नाय."

मला राहवेना. मी बोटाने व्हिडिओ भराभर पुढे सरकवला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"हळू. म्हातारा झाला असेल आता तो."