मायच्या हातचं मरळीचं कालवण

हैदराबादेत मृगाच्या दिवशी मासा खातात. पाऊस येवो न येवो, त्या सकाळी सगळं शहर पिशव्या घेऊन मच्छीबाजाराकडे निघतं. आम्ही मूळचे मराठवाड्यातले, गोदाकाठचे. हा रिवाज आम्ही गौलीगुड्यातल्या तेलुगू शेजाऱ्यांकडून उचलला आणि इतका मनावर घेतला की पुढे तेच शेजारी त्या दिवशी वाटी घेऊन आमच्याकडे यायला लागले. कारण माझ्या मायच्या हातचं कालवण. भाजलेले तीळ, सुकं खोबरं आणि लसूण ही तिच्या माहेरची रीत, मेथीदाणा आणि दाट चिंचेचा कोळ हे शेजारणीचं देणं. मासा खायचा नाही म्हणणारी माणसंही नुसत्या रश्श्यात भाकरी बुडवून जेवून जायची.

बाबा तसे भले गृहस्थ, पण ताटावर बसले की न्यायाधीश होतात. काही वर्षांपूर्वी एका मृगाला त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, पहिल्यासारखं न्हाई झालं. पुढच्या मृगालाही तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तर पाहुण्यांसमोर त्यांनी निकालच देऊन टाकला.

"तुझ्या हाताची चव गेली बघ आता," ते मायला म्हणाले.

माझा असा संताप झाला की मी ताटावरून उठले. उठून जाणार कुठे, दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. मायने मात्र ते बोलणं खरं मानलं. बायकोच्या मनाला एखादी गोष्ट लागली की ती नवऱ्याशी भांडते असं मी ऐकून होते. माझी माय मसाल्याशी भांडायला लागली.

मी कोठी भागातल्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. त्यामुळे चूक शोधायची असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे माझ्या अंगात मुरलेलं. मायने मला कामाला लावलं. आधी तिला मिक्सरचा संशय आला, म्हणून तिच्या सांगण्यावरून मी माळ्यावरचा पाटा खाली काढला आणि कंबर धरून बसले. मग गॅसचा संशय, म्हणून अंगणात तीन विटा मांडून चूल पेटवली. धुराने वरच्या मजल्यावरचे लोक भांडायला आले. मग मातीचं मडकं झालं, गावाकडची चिंच झाली. प्रत्येक वेळी बाबा चाखायचे आणि मान हलवायचे. माशाचा संशय कुणालाच आला नाही. मासा बाजारातून जिवंत, उड्या मारत येत होता, मग त्यात काय खोट असणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो.

गेल्या मृगाला मायने पळी वहिनीच्या हातात दिली. म्हणाली, आता तूच कर, मला अंदाज राहिला न्हाई. आणि बाहेरच्या खोलीत जाऊन टीव्हीसमोर बसली. टीव्ही बंद होता. आयुष्यभर जिच्या हातचं खाऊन माणसं तृप्त झाली, तिला स्वतःच्या हाताची लाज वाटावी, हे मला बघवेना. वहिनीचं कालवण चांगलं झालं होतं. बाबा तिला काही बोलले नाहीत. सुनेला बोलायची त्यांची हिंमत नाही.

यंदा मृग जवळ आला तेव्हा मी एकटीच बाजारात गेले आणि आमच्या नेहमीच्या कोळणीला विचारलं, नदीची मरळ मिळेल का. मरळ म्हणजे ते सापासारख्या तोंडाचं, चिखलातही तग धरणारं माशाचं वाण. इकडे तिलाच सगळ्यात जास्त मान. कोळीण हसायलाच लागली.

"नदी की मच्छी अब कां है अम्मा," ती म्हणाली. "सब चेरुवु का माल है."

चेरुवु म्हणजे तळं. रहू, कटला, मरळ, सगळं तळ्यात सोडून, खाद्य घालून वाढवलेलं; कितीतरी वर्षांपासून तेच येतंय, असं तिने सांगितलं. मी तिथेच कपाळाला हात लावला. आम्ही पाटा बदलला, चूल बदलली, चिंच बदलली, आणि जी गोष्ट केव्हाच बदलून गेली होती ती तशीच मडक्यात घालत राहिलो. रोज रक्त तपासणारी मी, आणि हा घोळ.

घरी कुणाला न सांगता मी मामाला फोन केला. मामा अजून गोदाकाठच्या गावातच राहतो. त्याला म्हटलं, मृगाला ये आणि येताना नदीची मरळ घेऊन ये. नदीची म्हणजे नदीचीच का, असं त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, बघतो.

मृगाच्या सकाळी मामा बसस्टँडवरून चालत घरी आला. हातात रंगाचा जुना डबा, झाकणाला भोकं, आत पाणी आणि त्यात एकच मरळ. माझ्या हातभरसुद्धा नव्हती. कंडक्टरने डब्यात काय आहे विचारलं तर मामाने औषध म्हणून सांगितलं होतं. मग आत काहीतरी धपकन हललं आणि शेजारचा प्रवासी उठून पुढच्या सीटवर गेला. आम्ही हसून घेतलं. बाबा तेव्हा वंदनेला विहारात गेले होते, म्हणून मी घाईघाईने डबा मायपुढे ठेवला आणि म्हटलं, आज तूच करायचं. ती नको नको म्हणाली, सुनेकडे बोट दाखवलं. वहिनी शहाणी, तिने पळी धुऊन मायच्या हातात दिली आणि स्वतः लसूण सोलायला बसली.

मायने राख लावून मासा धरला, साफ केला. मामा उंबऱ्यात बसून बोलत होता. नदीवर रोज माणूस पाठवला, तेव्हा कुठं ही एक घावली, असं त्याने सांगितलं. आधी मासे अंडी घालायला वर चढायचे त्या दिवसांत कुणी मासा धरायचं नाही, जाळी काठावर वाळत पडायची. आता पहिलं पाणी आलं की सगळं गाव काठावर. मच्छरदाणीचं कापड लावून बोटाएवढी पिल्लंसुद्धा खरडून काढतात, कुणी वायर टाकून करंट सोडतात. मोठे मासे संपले म्हणून लहान धरले, आता लहानही संपायलेत. आणि हे सांगताना तो काही दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडत नव्हता. त्यानेही ती पिल्लं तळून खाल्ली होती.

मायने हात न थांबवता मला विचारलं, समुद्रात तरी असतील की. मला जेवढं वाचून माहीत होतं तेवढं मी सांगितलं. तिकडेही तेच, मोठमोठ्या बोटी तळापासून ओरबाडून काढतात, जगात सगळीकडे माशांना वाढायला उसंतच मिळत नाही. बाजारातले सुके बोंबील आखूड झालेत हे तिच्याही लक्षात आलं होतं. चिंचेचा कोळ तिने डोळ्यांनीच मोजून घातला, चाखूनही पाहिलं नाही.

बाबा आले, हातपाय धुतले, ताटावर बसले. मी त्यांना काहीही सांगायचं नाही असं सगळ्यांना बजावलं होतं. एवढाच मासा, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला बोटभर तुकडा आणि बाबांना मुंडकं. माय दाराआड उभी होती. मला तिच्याविषयी इतकी माया त्या क्षणी दाटून आली की परीक्षेला बसलेल्या लेकराला बघावं तसं मी तिच्याकडे बघत होते.

बाबांनी घास घेतला आणि त्यांचा हात ताटातच राहिला. त्यांनी मामाकडे बघितलं, मग माझ्याकडे. न्यायाधीश असले तरी माणूस हुशार. त्यांना सगळं कळलं. त्यांनी मायला हाक मारून समोर ताट घेऊन बसवलं, आपल्या ताटातलं मुंडकं उचलून तिच्या ताटात ठेवलं.

"तुझ्या हाताची चव गेली नव्हती," ते म्हणाले. "मासाच गेलता. मी उगं तुला बोलत राहिलो."

एवढी वर्षं जे ऐकायला मी तिच्यापेक्षा जास्त तरसले होते ते शेवटी बोलून झालं. आता ती हसेल, निदान एखादा टोमणा तरी मारेल म्हणून मी वाट बघत होते. तिने मुंडक्याला हातही लावला नाही.

"माझ्या हाताची गेली असती तर बरं झालं असतं," माय म्हणाली. "सूनबाईच्या हाताला चव हाय की. नदीला मासा कुठून आणावं?"