चौकटीवरचं नाव

दहिवलीच्या हसुराम मेस्त्रीचा नवा कॅरम एक डाव खेळल्याशिवाय कारखान्याबाहेर पडत नसे. सोंगटी जरा अडखळली, की बोर्ड पुन्हा घासायला. सत्तर सालाच्या सुमारास मुंबईच्या एका बड्या खेळ-कंपनीनं कारखाना विकत घेतला. "मेस्त्री, नाव तुमचंच राहील," साहेब म्हणाला. नाव राहिलं, डाव बंद झाला. कामाच्या वेळेत खेळ कसले, म्हणे! वर्षभरात कारखानाच मुंबईला हलवला नि मेस्त्री घरी बसला.

एकदा शेजारची गोदा नवा कॅरम घेऊन आली. "काका, तुमचं नाव बघून घेतला, पन सोंगटी सरकतच नाय!"

मेस्त्रीच्या जिव्हारी लागलं. त्यानं रंधा मारून आधी चौकटीवरचं आपलं नाव काढलं. मग बोर्ड गुळगुळीत होईस्तोवर घासला नि म्हणाला, "बस गं, एक डाव खेळू."