जवाईबुवांच्या दुकानातली हार्ड डिस्क

माझ्या नणदेच्या नवऱ्याचं बुलढाण्यात कॉम्प्युटरचं दुकान आहे. तो माणूस मला डोळ्यासमोर नको. घरातले म्हणतात, जाऊ दे आता. का म्हणून जाऊ देऊ?

सासऱ्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जीव वाचेल, पण आवाज जाईल. तेव्हापासून नणंदबाई दर रविवारी एसटीनं घाट उतरून नांदुऱ्याला आमच्याकडे यायच्या आणि रेकॉर्डिंग चालू करून बापासमोर मोबाइल धरून बसायच्या. मी ते लगेच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचे. बाबा काहीही बोलायचे. कोणत्या वावराचं नाव कसं पडलं, भावकीत कोण कोणाशी कशावरून भांडलं, सासूबाईंच्या माहेरच्यांची टिंगल. मध्येच लेकीला, "काऊन वं, जेवली का?" ऑपरेशननंतर बाबा वर्षभर मुके जगले आणि गेले. तोवर मोबाइल बदलले, त्यांतलं सगळं पुसलं गेलं. बाबांचा आवाज उरला तो आमच्या घरच्या कॉम्प्युटरला लावायच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये, आणखी कुठेच नाही.

एके दिवशी ती डिस्क टिकटिक करायला लागली. कॉम्प्युटरनं विचारलं, फॉरमॅट करायची का? मी घाबरून आधी केबल उपसली. मी ज्या शाळेत शिकवते तिथल्या कॉम्प्युटरच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, पुढच्या बाजूला लावू नका, तिथं करंट कमी मिळतो, डब्याच्या मागच्या बाजूला लावा आणि केबल बदलून पाहा. तसं केलं आणि डिस्क उघडली. जीव भांड्यात पडला. पण सर म्हणाले, "हिचा आता भरवसा नाही, मॅडम. लगेच नवी घ्या. सीलबंद खोकं, पक्कं बिल. अन् कॉपी झाली की एक-दोन फायली चालवून पाहा."

मी नेटवरून मागवणार होते. सासूबाई कडाडल्या, "जवायाचं दुकान असून बाहेरून घेतलं तं लोकं तोंडात शेण घालतीन."

गेलो बुलढाण्याला. दुकानातल्या काचेच्या कपाटात चांगल्या सीलबंद डिस्का मांडल्या होत्या. मी एकीवर बोट ठेवलं. जवाईबुवा हसले. "ते गिऱ्हाइकासाठी आहे, वहिनी. तुमच्यासाठी भारी माल ठेवला." आणि खालच्या खणातून एक काळी चकचकीत डिस्क काढली. हाताला चांगली जड लागली. जागा दुप्पट म्हणे. मी बिल मागितलं.

"घरच्या माणसाले बिल कायले पाह्यजे?"

आमच्या ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. आमच्या घरात जवायापुढं कोणी ब्र काढत नाही. मीही नाही काढला.

घरी येऊन सगळं नवीत उतरवलं. एकूण एक फाइलचं नाव दिसत होतं. पहिल्या दोन फायली चालवून पाहिल्या, बाबा स्वच्छ बोलले. पुढच्याच आठवड्यात जुनी डिस्क कायमची बंद पडली.  मी म्हटलं, पडू दे बंद, नवीत आहे की सगळं.

महिन्याभरानं पुढची फाइल लावली, उघडेना. त्याच्या पुढचीही नाही. केबल बदलली, मागून लावली, शाळेत नेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. नावं सगळी जिथल्या तिथं, आत काहीच नाही. जुनी डिस्क डेटा काढून देणाऱ्यांकडे नेली, त्यांनीही हात वर केले. जवाईबुवांना फोन केला.

"नीट काढली नसन तुम्ही, वहिनी. बायकाइच्या हाती अशी नाजूक वस्तू देनंच चूक आहे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. फोन ठेवला आणि ती डिस्क कानाशी धरून हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. स्क्रू ड्रायव्हर घालून टरफल उचकटलं. आत बोटभर पेनड्राइव्हसारखी पट्टी आणि वजन भरायला दोन जाडजूड लोखंडी नट. एक डिंकानं चिकटवलेला, दुसरा सुटलेला. अरे मेल्या! पट्टीत मावलं तेवढं राहिलं, बाकी बाबा हवेत गेले.

आमच्या ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, "जवाई माणूस आहे. ताईच्या संसाराचा इचार कर." सासूबाईंनी तर नणंदबाईंना काही सांगायचं नाही अशी शपथच घातली. मी शपथ पाळली. तोंडानं एक अक्षर बोलले नाही.

कारण धोंड्याचा महिना लागला होता. अधिक महिन्यात लेक-जवायाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, ओवाळायचं, आणि जवायाला जाळीदार वस्तूंचं वाण द्यायचं. जाळीदार म्हणजे भोकं असलेली वस्तू, म्हणून अनारसे. ताट भरायचं काम सुनेचं. मी ते फार मनापासून केलं.

भावकी जमली होती. जवाईबुवा नव्या कपड्यांत, शेजारी नणंदबाई. सासूबाईंनी ओवाळलं. मी झाकलेलं ताट पुढं ठेवलं आणि म्हटलं, "भाऊजी, तुमच्याच दुकानचं वाण आहे. भोकंसुद्धा आहेत."

त्यांनी रुमाल उचलला. अनारशांवर फोडलेली डिस्क आणि दोन नट.  काय सांगू, त्या तोंडाचा रंग उडताना पाहून मला जेवल्यासारखं झालं.

"घरचं मानूस असं खोलून पाह्यते काय कधी?" ते ओरडले.

बोलून गेले आणि जीभ चावली. 

नणंदबाईंनी एक नट उचलून पाहिला. "म्हंजे तुमाले मालूम होतं?" मग माझ्याकडे वळल्या. "वहिनी, बाबाचं याच्यातच होतं काय?"

"हो ताई. सगळं."

त्या रडल्या नाहीत. पाटावरून उठल्या. म्हणाल्या, "आई, माही बॅग आत ठेव."

त्याला एकट्यालाच घाट चढून जावं लागलं. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, आमचे हे चिडून राहतात. चालेल. मला पस्तावा म्हणाल तर तिळभर नाही.

नणंदबाई अजून आमच्याकडेच आहेत. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो. त्या उचलतात, कानाला लावतात, आणि तोंड घट्ट मिटून बसतात. तो आधी चिडतो, मग गयावया करतो. मी शेजारी भाजी निवडत असते, मला सगळं ऐकू येतं.

"काही तं बोल वं. एकडाव तुया आवाज तरी आयकू दे."

नणंदबाई त्याचं पुरतं ऐकून घेतात आणि फोन बंद करतात.