शारदाला वगळून केलेला ग्रुप

शारदा गेल्याचं मला फोनवर वाचायला मिळालं, आणि तेही तिला वगळून केलेल्या ग्रुपवर. खाली जोडलेले हात, रडकी तोंडं आणि रेखाने लिहिलेलं, ‘आपली जिवलग हरपली.’ सहा आठवडे झाले, तो शब्द अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. जिवलग म्हणे!

शारदा, रेखा, मनीषा आणि मी, गढा मोहल्ल्यातल्या एकाच शाळेतल्या चौघी. लग्नं, नोकऱ्या, मुलं यांतूनही महिन्याचा एक रविवार आम्ही राखून ठेवला होता. शारदा सिहोऱ्याच्या सरकारी शाळेत शिकवायची, रोज बसने जाऊन-येऊन. नवऱ्यापासून वेगळी होऊन तिला चौदा वर्षं झाली होती. या चौदा वर्षांत कोणाचं मूल आजारी पडलं, कोणाची सासू दवाखान्यात असली, की सोबतीला शारदाच. “तुले काय, एकटा जीव,” असं आम्ही तिच्या तोंडावर म्हणायचो. ती हसायची.

दोन वर्षांपूर्वी मनीषाच्या घरी पोहे खाता खाता ती एकदम म्हणाली, “मी एकाले भेटून राहिली.” गोहलपुरात चष्म्याचं दुकान असलेले हरीशजी. बायको वारलेली, मुलगी सासरी. चष्मा करायला गेली आणि ओळख झाली. “शनिवारी कॉफी प्यायला जातो. ठरवलं काही नाही अजून, पण मले बरं वाटते...” चव्वेचाळीस वर्षांची बाई लाजत होती. किती दिवसांनी!

“या वयात काहून हे धंदे, शारदे?” रेखा म्हणाली. “पोरी मोठ्या झाल्या आपल्या. काय शिकतील?” मनीषाने त्यांची जात विचारली. आणि मी? मी चहा आणायला आत गेले. दूध उतू जात नव्हतं, तरी गॅसजवळ उभी राहिले.

पुढच्याच महिन्यात रेखाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. शारदाला बोलावणं नाही. “एकटी होती तोवर ठीक होतं. आता त्या माणसाले घेऊन आली तर आमच्या घरचे काय म्हणतील?” त्याच आठवड्यात नवा ग्रुप निघाला आणि मी त्यात मुकाट्याने राहिले. पुढे बसस्टँडवर शारदा भेटली. “काय वं, जुना ग्रुप बंदच पडला का?” मी म्हणाले, “सगळ्या कामात आहेत.” ती माझ्याकडे बघत राहिली, मग “अच्छा” म्हणाली आणि बसमध्ये चढली. त्या “अच्छा”चाही मला राग येतो. भांडली काहून नाही? दोन थोबाडीत का नाही दिल्या?

मग यंदा तिला डेंग्यू झाला. पाच दिवसांत सगळं संपलं. दवाखान्याच्या बाकावर ते पाचही दिवस हरीशजी बसून होते, हे तिच्या भावाने आम्हाला नंतर सांगितलं. आम्हाला तर ती आजारी असल्याचंही ठाऊक नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, शारदाच्या शोकसभेत, रेखा माईकवर दहा मिनिटं मैत्रीबद्दल बोलली. हरीशजी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभे. मला राहवलं नाही. मी उठले. “रेखा, दोन वर्षं तू तिला घरात घेतलं नाहीस. मीही नाही. जे तिच्याजवळ होते ते तिथं उभे आहेत.” शारदाचा भाऊ उठला आणि त्यांना हाताला धरून पुढे घेऊन आला. संध्याकाळी रेखाचा फोन आला, “तू चारचौघांत माझी इज्जत काढली.” मी म्हटलं, “आपली काढली.” आणि ग्रुप सोडला. दोन वर्षं उशिरा. या शौर्याचा शारदाला काय उपयोग?

मागच्या शनिवारी गोहलपुरात गेले. छोटं दुकान, काउंटरमागे दोन खुर्च्या. शनिवारी शाळेतून आली की शारदा तिथं बसून मुलांच्या वह्या तपासायची. काउंटरच्या कडेला लाकडावर लाल शाईच्या बारीक बारीक रेघा होत्या. पेन चालत नसलं की ती तिथंच ओढून बघायची म्हणे. हरीशजी काउंटरची काच पुसत होते. त्या कडेशी आले की फडकं उचलून पलीकडे ठेवायचे.

“बैठिए दीदी,” ते म्हणाले आणि स्वतःची खुर्ची रिकामी केली. शारदाच्या खुर्चीकडे त्यांनी बोट दाखवलं नाही.

मी उभीच राहिले.